कर्जापोटी जमीन: केंटकीतला एक डॉलरचा दस्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या मुलीचं सासर केंटकीत. तिथे जुन्या पेटीत 1811 सालच्या एका दस्ताची नक्कल सापडली. घराण्याच्या मूळपुरुषाने दीडशे एकर जमीन फक्त ‘एक डॉलर’ घेऊन लिहून दिली आहे. दस्तात नावं तीन: जमीनमालक, कुणी एक शेजारी आणि गावातला दुकानदार. दुकानदाराने साध्या माणसाला लुबाडलं का, आणि त्या काळी जमीन देऊन कर्ज फेडायची रीतच होती का, असं ताईंनी विचारलं आहे. सोबत पहिल्या पानाचा फोटो आहे.

ताई, लुबाडलं की नाही ते पहिल्या पानावरून कळणार नाही. पण दस्तात तीन नावं आणि मोबदला एक डॉलर, हे दोन्ही एकत्र दिसलं की माझा पहिला अंदाज ‘ही विक्रीच नाही’ असा असतो. मी पुण्यात नऊ वर्षं सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी आणि बोजे तपासणारे अहवाल, केले आणि गेली अठरा वर्षं सिनसिनाटीत राहून ओहायो नदीच्या दोन्ही काठांवर तेच काम करतो. असे दस्त शेकड्यांनी हातांखालून गेलेत. तुमच्याकडचा कागद बहुधा ‘डीड ऑफ ट्रस्ट’ आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तिऱ्हाइताच्या हाती ठेवलेलं गहाणखत.

त्याची रचना अशी असते. मालकाकडे दुकानदाराची बाकी आहे. मालक जमीन दुकानदाराच्या नावे करत नाही, दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाच्या नावे करतो. हा विश्वस्त. बाकी ठरल्या दिवशी फिटली तर दस्त रद्द. नाही फिटली तर विश्वस्ताने जाहिरात देऊन जमीन लिलावात काढायची, दुकानदाराची बाकी भागवायची आणि उरलेले पैसे मालकाला द्यायचे. विश्वस्त काही विकत घेत नाही, पण मोबदल्याशिवाय खत पक्कं होत नाही, म्हणून नावाला एक डॉलर लिहायचा. खरा मोबदला त्याच्या आधीच्या वाक्यात असतो, ‘अमुक इतकी रक्कम देणे लागतो’ या शब्दांत. त्या काळच्या कारकुनांची वाक्यं अर्ध्या पानाची असत, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर तिथून निसटते आणि डॉलरवर अडकते.

दुसरं पान मिळालं की शेवटाकडे ‘प्रोव्हायडेड ऑलवेज’ असे शब्द शोधा. ‘परंतु जर लिहून देणाऱ्याने ठरल्या तारखेस रक्कम चुकती केली, तर हा लेख निरर्थक समजावा’ अशा अर्थाचं कलम तिथे असेल, तर तुमचा कागद गहाणाचा. नसेल, तर पुढे बोलू.

आता रीत होती का? होती, आणि इतकी सर्रास होती की मी जुनं खरेदीखत हाती घेतलं की आधी ती कर्जाची पावती असावी असं धरूनच वाचतो. आपल्याकडच्या दस्तात ‘रक्कम भरून पावलो, तक्रार नाही’ असं असतं ना? तिथेही तसंच वाक्य असतं. पण ते पैसे कधी पावले, हे वाक्य सांगत नाही. आज टेबलावर मोजून घेतले की तीन वर्षांपूर्वी मीठ, लोखंड, कापड आणि बंदुकीची दारू उधार नेली तेव्हाच ‘पावले’, हे बाहेरून शोधावं लागतं.

कारण रोकड नव्हतीच. स्पॅनिश चांदीचा डॉलर छिनीने कापून त्याचे आठ तुकडे करायचे आणि ते सुट्टे म्हणून चालवायचे, असा तो व्यवहार. वचनचिठ्ठ्या तंबाखूत, व्हिस्कीत, अंबाडीसारख्या हेंपमध्ये किंवा गुरांत फेडायच्या असत. दुकानदाराचा माल फिलाडेल्फियाहून गाड्यांनी पिट्सबर्गला आणि तिथून होडीने ओहायो नदीतून खाली यायचा, तोही उधारीवर. म्हणजे तुमच्या मूळपुरुषाच्या दारात उभा असलेला दुकानदार स्वतः फिलाडेल्फियाच्या एखाद्या पेढीच्या दारात उभा असायचा. या साखळीत कुणापाशी मोजून द्यायला पैसे नसले तरी जमीन सगळ्यांपाशी असे. पुष्कळदा जमीनही नसे, जमिनीच्या हक्काचा कागद असे.

हा कागदाचा भाग जरा नीट समजून घ्या, कारण केंटकीतला अर्धा गोंधळ त्यात आहे. केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होतं. व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्याने जमीन मिळवायच्या चार पायऱ्या होत्या: वॉरंट (अमुक एकर घ्यायचा परवाना), एंट्री (हेरलेल्या जागेची नोंद), सर्व्हे (मोजणी) आणि शेवटी ग्रँट (मालकीचं सरकारी पत्र). सरकारने आधी मोजून नकाशा केलेला नव्हता. ज्याने त्याने आपापली जागा हेरून चतुःसीमा सांगायच्या: ओढ्याच्या फाट्यावरच्या दोन पांढऱ्या ओकपासून उत्तर 40 अंश पूर्वेस 120 पोल, तिथून शुगर मेपलच्या झाडापर्यंत वगैरे. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. परिणाम असा की छपरावरच्या कौलांसारखे दावे एकमेकांवर चढले. आणि ग्रँट हाती येण्याआधी प्रत्येक पायरीवरचा कागद पाठीमागे चार ओळी लिहून दुसऱ्याला देता येई. दुकानदाराची, वकिलाची, अगदी मोजणीदाराची बाकीसुद्धा अशी फिटे. मोजणीदार तर पुष्कळदा मोजलेल्या जमिनीचा हिस्साच मेहनताना म्हणून घेत. डीड बुकात, म्हणजे दस्तांच्या सरकारी नोंदवहीत, या देण्याघेण्याचा मागमूस नसतो. तो लँड ऑफिसच्या कागदांच्या पाठीवर असतो. म्हणून ‘आमच्या पूर्वजांची जमीन होती, पण विकल्याची नोंदच नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी कागद उलटा करायला सांगतो.

सगळ्यांना माहीत असलेलं नाव डॅनियल बून. हा माणूस 1780 मध्ये लोकांनी विश्वासाने दिलेले हजारो डॉलर घेऊन वॉरंट विकत घ्यायला व्हर्जिनियात निघाला आणि वाटेत मुक्कामाच्या खाणावळीत ते पैसे चोरीला गेले. पुढे केंटकीत हजारो एकरांवर दावे करूनही दाव्यांतल्या त्रुटी आणि खटले यांत त्याची जमीन गेली. म्हातारपणी मिझुरीत काँग्रेसने 1814 मध्ये त्याला 850 एकर मंजूर केले, तर त्यातलेही बहुतेक विकून केंटकीतली जुनी देणी भागवावी लागली. वाट दाखवणाऱ्याच्या नावे जमीन उरली नाही हे लोक हळहळून सांगतात. मला धंद्याच्या नजरेने वेगळंच दिसतं: जमीन एका राज्यातली आणि तिच्यावर फिटलेलं कर्ज दुसऱ्या राज्यातलं. शोध एका काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, संपत नाही.

दुसरं उदाहरण अँड्र्यू जॅक्सनचं, जो पुढे अध्यक्ष झाला. 1795 मध्ये त्याने फिलाडेल्फियात डेव्हिड ॲलिसन नावाच्या व्यापाऱ्याला टेनेसीतली हजारो एकर जमीन विकली. पैसे मिळाले नाहीत, ॲलिसनच्या वचनचिठ्ठ्या मिळाल्या. त्यांच्या पाठीवर सही करून जॅक्सनने आपल्या दुकानासाठी माल उचलला. ॲलिसन बुडाला आणि 1798 मध्ये कर्जदारांच्या तुरुंगातच मेला. चिठ्ठीवर सही जॅक्सनची, म्हणून वसुली जॅक्सनकडे वळली. ती निस्तरायला त्याला अनेक वर्षं लागली. 1804 मध्ये त्याने हंटर्स हिल हे आपलं राहतं ठिकाण विकलं आणि शेजारच्या लहान जागेवर लाकडी ओंडक्यांच्या घरात गेला. तीच पुढे हर्मिटेज म्हणून प्रसिद्ध झाली. आयुष्यभर कागदी पैशावर आणि बँकांवर त्याचा राग होता, त्याची एक मुळी या चिठ्ठ्यांत आहे असं मला वाटतं.

तिसरं तुमच्या कामाचं आहे, कारण ते केंटकीतलं आणि साध्या शेतकऱ्याचं आहे. थॉमस लिंकन, अब्राहमचे वडील. डिसेंबर 1808 मध्ये त्यांनी सिंकिंग स्प्रिंगची जागा घेतली, 200 डॉलर मोजून. दोन महिन्यांनी मुलगा तिथेच जन्मला. पण मालकांच्या साखळीतल्या आधीच्या एका खरेदीदाराने मूळ विकणाऱ्याची बाकी चुकवली नव्हती. तो बोजा जमिनीवर होता, माणसावर नाही. मूळ विकणारा कोर्टात गेला, आणि ज्याने काही बुडवलं नव्हतं त्या लिंकनची जागा गेली. आपल्याकडे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो तरी. तिथे हा बोजा दिसायला रकानाच नव्हता. 1816 च्या डिसेंबरात कुटुंब नदी ओलांडून इंडियानात गेलं. अब्राहम लिंकनने नंतर स्वतः लिहिलं आहे की वडील निघाले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्काच्या भानगडींमुळे. इंडियानातली जमीन केंद्र सरकारने चौकोनी तुकड्यांत मोजून विकायला काढलेली होती. कौलांवर कौलं नव्हती.

मुळात कर्जापोटी जमीन हिसकावता येते, ही गोष्ट इंग्लंडात इतकी सोपी नव्हती. तिथे जमीन घराण्याची इज्जत. सावकाराला ‘एलेजिट’ नावाच्या जुन्या हुकुमाने अर्ध्या जमिनीचं उत्पन्न कर्ज फिटेपर्यंत खाता येई, पण साध्या कर्जासाठी जमीन लिलावात काढणं सहसा जमत नसे. वसाहतींसाठी मात्र पार्लमेंटने 1732 मध्ये वेगळा कायदा केला: अमेरिकेतल्या जमिनी, घरं आणि गुलाम माणसं कर्जवसुलीत इतर मालमत्तेसारखीच धरावीत. लंडनच्या व्यापाऱ्यांची उधारी वसूल व्हावी हा उघड हेतू. व्हर्जिनियातली कोर्टं तरीही बराच काळ जुन्या चालीने चालली. केंटकीने राज्य झाल्याबरोबर 1792 मध्येच जमीन कर्जवसुलीला मोकळी केली. वर 1732 च्या कायद्यात आलेल्या ‘गुलाम माणसं’ या शब्दांवरून घाईने पुढे जाऊ नये. तुमच्या दस्ताच्या दुसऱ्या पानावर जमिनीच्या खाली घोडी, गाई, पिसांची गादी आणि त्याच ओळीत नाव आणि वय लिहिलेली माणसं दिसण्याची शक्यता आहे. मी पाहिली आहेत. मुलीला आधी सांगून ठेवा.

कर्ज ऐच्छिक दस्ताने फिटलं नाही तर शेरीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा काउंटीचा अधिकारी. कोर्टाचा निकाल, मग वसुलीचा हुकूम, मग काउंटीच्या कोर्टाच्या दाराशी लिलाव, बहुधा कोर्टाच्या दिवशी, म्हणजे आपल्या बाजाराच्या दिवशी जशी गर्दी असते तेव्हा. अशा विक्रीचं खत शेरीफ लिहून देतो आणि त्यात निकालाची पूर्ण हकिकत असते. वाचायला सर्वांत सोपं तेच. बोली बोलणारा पुष्कळदा धनको स्वतः असे, कारण त्याला पैसे मोजायचे नसत, आपल्या बाकीतून वजा करायचे असत.

आणि मग लपवाछपवी. जप्ती येणार असं कळलं की ‘प्रेम आणि जिव्हाळा’ या मोबदल्यात जमीन भावाच्या किंवा जावयाच्या नावे करायची. इंग्लंडात 1571 पासून अशी खतं धनकोंपुरती रद्दबातल धरणारा कायदा होता आणि अमेरिकेनेही तो उचलला. एका कुटुंबाची फाईल मी पाहिली, त्यात धाकट्या भावाच्या नावे केलेलं खत, त्याच महिन्यातला निकाल आणि दोन वर्षांनी खत रद्द करा म्हणून दुकानदाराने लावलेला दावा, तिन्ही कागद एकाच सुतळीत होते. सुतळी सोडल्यावर आधी काय झालं आणि नंतर काय, हे ठरवायला मला अर्धा दिवस लागला.

कर्जापोटी सरळ जमीन तोडून दिलेली असेल तर ती आकारावरून ओळखू येते. खरेदीदार शंभर, दोनशे अशी गोल एकरं घेतो. 37 एकर आणि वर काही पोल असा तुकडा एखाद्या कोपऱ्यातून कापून दिलेला दिसला की मी समजतो, आधी बाकी मोजली आणि मग तिच्या मापाने जमीन मोजली. एकाच माणसाने आठवड्याभरात चार जणांना चार खतं करून दिली असतील तर तो गाव सोडायच्या बेतात आहे.

आकडे वाचताना एक खड्डा सांभाळा. केंटकीत डॉलर आल्यावरही कित्येक वर्षं लोक पौंड-शिलिंगात हिशेब लिहीत होते, पण तो इंग्लंडचा पौंड नव्हे. व्हर्जिनियाच्या चालीने 6 शिलिंगांचा डॉलर, पेनसिल्व्हेनियात साडेसात शिलिंगांचा, न्यूयॉर्कात 8. म्हणजे केंटकीतले 30 पौंड म्हणजे 100 डॉलर, आणि तेच 30 पौंड फिलाडेल्फियाच्या पेढीच्या वहीत 80 डॉलर. ‘दुकानदाराने वीस डॉलर खाल्ले’ असा निष्कर्ष काढून घराण्यात भांडण लावलेले लोक मला भेटले आहेत.

सरकारचंही असंच चाले, फक्त मोठ्या प्रमाणावर. पेनसिल्व्हेनियाने क्रांतियुद्धातल्या शिपायांचा पगार घसरलेल्या नोटांत दिला होता, त्याची भरपाई प्रमाणपत्रांत केली आणि 1783 पासून ती प्रमाणपत्रं पश्चिमेकडच्या ‘डेप्रिसिएशन लँड्स’च्या खरेदीत स्वीकारली. उलट दिशेची गोष्ट केंद्राची. 1800 च्या कायद्याने सरकारी जमीन 2 डॉलर एकराने, चार वर्षांच्या हप्त्यांवर मिळू लागली. लोकांनी झेपेल त्याच्या दुपटीने घेतली. 1819 ची मंदी आली, पिकांचे भाव कोसळले आणि खरेदीदारांकडे सरकारचे दोन कोटींहून जास्त डॉलर अडकले. 1820 मध्ये उधारी बंद झाली, भाव सव्वा डॉलरवर आला. मग 2 मार्च 1821 च्या कायद्याने मुभा दिली: घेतलेल्यातला काही भाग सरकारला परत करा, त्यावर भरलेले हप्ते उरलेल्या भागाच्या खात्यात वळवून घ्या, व्याज माफ. सरकारच स्वतःच्या ऋणकोंकडून जमीन परत घेऊन कर्ज मिटवत होतं. आपल्याला कर्जमाफीची ओळख आहे. ही जमीन घेऊन दिलेली माफी.

केंटकीने तेव्हा निराळा रस्ता धरला. 1820 मध्ये सरकारी बँक काढून तिच्या नोटा छापल्या आणि धनकोने त्या नाकारल्या तर त्याची वसुली दोन वर्षं अडकवून ठेवायची सोय केली. वरिष्ठ कोर्टाने 1823 मध्ये हे बेकायदा ठरवलं. विधिमंडळाने चिडून कोर्टच मोडीत काढलं आणि नवं नेमलं. जुनं हटेना. काही काळ राज्यात दोन सर्वोच्च कोर्टं होती! आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला 1875 मध्ये लोकांनी सावकाराचे रोखे जाळले आणि नंतर 1879 चा कायदा आला, ज्याने खास गहाण न टाकलेली शेतजमीन कर्जाच्या हुकूमनाम्यात विकायला बंदी घातली. टेक्सासने हे काम आधीच, 1839 मध्ये, केलं होतं: राहत्या घराची 50 एकरांपर्यंतची जागा धनकोला हात लावता येणार नाही. त्या काळी दक्षिणेत दारावर खडूने ‘जी.टी.टी.’, म्हणजे ‘टेक्सासला गेलो’, असं लिहून लोक पसार होत. त्यामागे ही अशी आश्वासनं होती.

या सगळ्याच्या मुळाशी एक पायरी आणखी आहे. तुमच्या प्रश्नात ती नाही, पण टायटलचा, म्हणजे मालकीहक्क तपासणारा, माणूस ती गाळू शकत नाही. मूळ रहिवाशांकडून जमीन निघाली तीही पुष्कळ ठिकाणी कर्जापोटीच. 1773 मध्ये ऑगस्टाला क्रीक आणि चेरोकी लोकांनी वीस लाखांहून अधिक एकर जॉर्जियाला दिले, व्यापाऱ्यांची उधारी फिटावी म्हणून. ती उधारी हरणाच्या कातड्यांत मोजलेली होती. अध्यक्ष जेफरसनने 27 फेब्रुवारी 1803 च्या पत्रात इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला हे धोरण म्हणूनच लिहून दिलं: सरकारी व्यापारी ठाणी वाढवावीत, त्यांच्यातली वजनदार माणसं कर्जात गेलेली आपल्याला आवडतील, कारण कर्ज झेपेनासं झालं की ती जमीन तोडून द्यायला तयार होतात. दोन वर्षांनी, 1805 मध्ये, माउंट डेक्स्टरच्या तहात चॉक्टॉ लोकांनी चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दिली. बदल्यात 50,500 डॉलर ठरले. त्यातले 48,000 व्यापाऱ्यांची देणी आणि नुकसानभरपाई यांसाठी राखून ठेवलेले होते. हा तह वाचताना मला नेहमी आपल्या सावकाराच्या वहीची आठवण होते. रक्कम ऋणकोच्या नावे पडते आणि त्याच ओळीत धनकोच्या नावे वळते. मधल्या माणसाच्या मुठीत काही येत नाही.

तर तुमच्या कागदाकडे परत. त्या काउंटीच्या क्लार्कच्या कचेरीत डीड बुक मागा आणि दस्ताच्या शेजारचा समास पाहा. कर्ज फिटलं असेल तर तिथे आडव्या अक्षरांत ‘सॅटिस्फाइड’ किंवा तशा अर्थाची ओळ आणि सही असू शकते. तो बोजा उतरवल्याचा शेरा. मग 1812 ते 1815 च्या करयाद्या पाहा. केंटकीच्या करयाद्या 1792 पासूनच्या आहेत आणि त्यांत जमीन कोणत्या ओढ्यावर, कोणाच्या नावे एंट्री, सर्व्हे आणि ग्रँट, असे रकाने असतात. 1811 नंतरही दीडशे एकर तुमच्या मूळपुरुषाच्याच नावे दिसत राहिले, तर त्याने जमीन गमावली नाही, निदान तेव्हा नाही. नाव नाहीसं झालं, तर सर्किट कोर्टाच्या फायली आणि विश्वस्ताने कुणाला लिहून दिलेलं पुढचं खत शोधायचं. दुकानदार त्या लिलावात स्वतःच खरेदीदार असेल आणि किंमत बाकीहून फार कमी असेल, तर लुबाडल्याच्या तुमच्या शंकेला आधार मिळतो, तोपर्यंत नाही.

एक गोष्ट मात्र फोटोत आत्ताच दिसते आहे. सहीच्या जागी नवऱ्याचं नाव आहे आणि खाली ‘तिची’ आणि ‘खूण’ या शब्दांमधल्या फुलीचं, म्हणजे सहीऐवजी बायकोने केलेल्या खुणेचं, टोक दिसतंय, बाकीचं कापलं गेलंय. बायकोचा नवऱ्याच्या जमिनीत तिसऱ्या हिश्श्याचा तहहयात हक्क असे, तो सोडायचा तर तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन, राजीखुशीने सोडते आहेस का असं विचारून, तसं लिहून घ्यावं लागे. ते लिहिलेलं नसेल तर नवऱ्यामागे तिला किंवा तिच्या वतीने कुणाला दावा लावता आला असेल, आणि तसं असेल तर कोर्टात आणखी एक फाईल आहे. पुढचा फोटो काढताना तो खालचा कोपरा पूर्ण येऊ द्या.